धानटोलीचं टेलिव्हिजन केंद्र

दिल्लीत टेलिव्हिजन सुरू झालं १९५९च्या सप्टेंबरात आणि कुरखेड्याजवळच्या धानटोलीत दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला. दिल्लीला एवढी आघाडी द्यायला नको होती, पण धान कापणीला आलं होतं.

केंद्राचा संचालक, निवेदक आणि यंत्र, तिन्ही लटारूच. आवाज फाटला म्हणून दंडार या लोकनाट्याचे प्रमुख भैयाजी यांनी त्याचा राजाचा पार्ट काढून घेतला होता. बल्लारपूरला रेडिओ ऐकून आलेले गुणवंतराव म्हणाले, "टेलिव्हिजनातला माणूस दिसते, बोलते, पण त्याले आपलं आयकू येत नाई." लटारूनं ते धरलं. शाळेसाठी आलेली खिडकीची चौकट मोहाच्या झाडाखाली उभी केली आणि मागं जाऊन बसला.

भैयाजींनी पैज मारली, "दिवस बुडेपर्यंत कोनालेच उत्तर नाई देलं, तर पार्ट तुहा. देलं, तर जन्मभर गॅसबत्ती धर!"

पैज अवघड होती. नटाला हटकल्याशिवाय झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला करमत नाही, आणि उलट टोला दिल्याशिवाय नटाला.

"नमस्कार. बातम्या," लटारू म्हणाला. मंडई लोटली.

"काऊन रे, पेटीत कोंबड्यासारखा बसला?" शकुबाई ओरडली.

लटारूच्या जिभेवर झकास टोला आला. त्यानं तो गिळला. "मुखरूची म्हैस काल व्याली."

"खोटं! परवा व्याली!" मुखरू उसळला.

उलट टोला तयार असल्याचं लटारूच्या तोंडावर दिसत होतं. तरी तो पुढच्या बातमीला लागला. लोक टाळ्या पिटू लागले. खरंच आयकू येत नाई याले!

तेवढ्यात त्याची बायको सुगंधाबाई धापा टाकत आली. "अवो, बैल घुसले ना आपल्या धानाच्या बांधीत! उठा!"

उठला तर पार्ट गेला, बसला तर धान. लटारूनं घाम पुसला, घसा खाकरला.

"आत्ताच हाती आलेली बातमी. लटारूच्या बांधीत बैल शिरले आहेत. बैल भैयाजींचे असल्याचं कळते. धावा!"

सगळी मंडई काठ्या घेऊन धावली; सर्वांत पुढं भैयाजी. लटारू मोकळ्या मैदानाला भाताचे भाव सांगत राहिला. आयकू न येणाऱ्याला समोर कोणी आहे की नाही, हे तरी कसं कळणार?

थोड्या वेळानं चिखल तुडवत सगळे परतले. धान वाचलं होतं.

"हरलो बाबा!" भैयाजी हात जोडून म्हणाले. "पार्ट घे, पन उठ आता!"

मोहाच्या शेंड्यावर ऊन अजून होतं. लटारू समोर बघत म्हणाला, "दंडारीतल्या राजाच्या पार्टाचा निकाल सूर्य बुडाल्यावर. तोवर हवामान आयका."