दोर्सिलाच्या घराचं छप्पर

"पत्रे झाका, मामा. वर चटई टाका आणि चटईला लागून भांडी मांडा," जस्टस दोर्सिलाला म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला तिकडे मामाच म्हणतात. मोटरसायकल अंगणात लावून तो थेट घरात शिरला होता. भिंतीला टेकवलेल्या वीस कोऱ्या पत्र्यांकडे तो चोरीचा माल सापडल्यासारखा बघत होता.

"माझेच आहेत रे. माझ्या लेकीनं, बेरिलनं पाठवलेत मोंबासाहून. सहा वर्षं लागली तिला जमवायला," दोर्सिला म्हणाली.

"म्हणून तर झाका म्हणतोय. मिशनचे पाहुणे उद्या येतायत. सुतार कधीचा सांगितलाय?"

"सोमवारचा."

"त्याला नको म्हणून कळवा."

जस्टस तसा वाईट माणूस नव्हता. मिशनच्या विधवा मदत योजनेचे कागद भरत तो गावोगाव फिरायचा, आणि त्या कागदावर पहिलाच प्रश्न छपराचा होता. गवत असेल तर बाई गरीब, पत्रा असेल तर तिचं बरं चाललंय. हा नियम समुद्रापलीकडे बसून कुणी केला ते जस्टसलाही ठाऊक नव्हतं, पण मोडायची त्याची छाती नव्हती. दोर्सिला चौदा वर्षं त्या यादीत होती, नंबर एक्केचाळीस. नाव गेलं तर महिन्याचं पीठ जाणार होतं, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण अवुओरची शाळाही जाणार होती. अवुओर तिच्या मेलेल्या मुलाची मुलगी, वसतिगृहात राहून शिकत होती आणि आता ऑगस्टच्या सुट्टीला घरी आली होती. अजून तीन वर्षं तरी तिची फी कुणीतरी भरायला हवी होती, आणि ती पाहुण्यांचं चर्च भरत होतं.

चौदा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा रीतीप्रमाणे धाकट्या दिरानं, ओगुतूनं, तिला ठेवायची होती. दोर्सिलानं भर चर्चमध्ये उभं राहून नाही म्हणून सांगितलं. पाद्र्यानं तिच्या धीराचं कौतुक केलं, भाऊबंदांनी मात्र सांगून टाकलं की मग आमचा एकही पुरुष तुझ्या छपराला हात लावणार नाही. विधवेचं छप्पर जो शाकारतो तो तिचा धनी, हे तिकडे पोरासोरांनाही कळतं. सुतार चालला असता, कारण तो बुसियाकडचा, परजातीचा, आणि मजुरी घेऊन काम करणाऱ्याला कुणी नवरा मानत नाही. मिशनची माणसं मधूनमधून येऊन गवताच्या चार पेंढ्या खोचून जायची. दिराच्या हातातून सुटलेली दोर्सिला अशी यादीत अडकली होती, आणि पावसाळ्यात घरात पाच ठिकाणी पातेली मांडत होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बाराजण होते. गाणी झाली, प्रार्थना झाली, दोर्सिलाला दारात बसवून फोटो झाले. चौदा वर्षांत तिला फोटोसाठी कसं बसायचं ते पाठ झालं होतं. त्यांच्यातला एक सत्तरीचा म्हातारा मात्र माणसांकडे बघतच नव्हता. हार्वी त्याचं नाव. तो वळचणीखाली उभा राहिला, कुजलेलं गवत मूठभर ओढून काढलं, चुरगळून नाकाला लावलं आणि जस्टसशी बराच वेळ बोलत राहिला.

जस्टस आला तो फुललेल्या चेहऱ्यानं. "मामा, नशीब उघडलं तुमचं. हा त्याच्या देशात हेच काम करायचा. चाळीस वर्षं गवताची छपरं घातलीत त्यानं. बाकीचे शाळेला रंग देणार, हा दोन दिवसांत तुमचं छप्पर नवं करून देणार."

"गवताचं?"

"गवताचंच तर."

दोर्सिलानं आवाज खाली आणला. "त्याला सांग, घरात पत्रे आहेत म्हणून."

जस्टसनं अंगणात बघितलं. अवुओर पाहुण्यांतल्या दोन बायकांना आपली वही दाखवत होती, आणि त्या तिच्या अक्षराचं कौतुक करत होत्या. "सांगू?" त्यानं विचारलं.

दोर्सिलानंही तिकडे बघितलं. "नको," ती म्हणाली.

म्हातारा कामाला लागला आणि सगळं गाव बघायला लोटलं. लोकांना वाटलं होतं गोरा शिडीवरून पडेल. पण तो पडला नाही. त्यानं जुनं गवत पार वासे उघडे पडेपर्यंत उतरवलं, नव्या पेंढ्या जमिनीवर आपटून बुडं सारखी केली, आणि एकेक थर असा दाबून बांधत गेला की बोट शिरायला जागा राहिली नाही. दोर्सिलानं आयुष्यात पुष्कळ छपरं पाहिली होती. असं एकही पाहिलं नव्हतं. हेच तिला जास्त लागलं. काम वाईट असतं तर पावसाळ्यात गळलं असतं, आणि ती कुणालातरी म्हणू शकली असती की आता पत्रे घालते. वरून म्हातारा इतक्या आनंदात होता की त्याचा रागही करता येईना.

शेजारची रिस्पर कुंपणापाशी येऊन टेकली. "काय गं, या वयात नवं लग्न? आम्हाला बोलावलंसुद्धा नाहीस."

"तू गप बस."

"मी गप बसते गं. पण घर शाकारणाऱ्याला कोंबडी करून घालावी लागते. कुठली कापणार ते सांग, म्हणजे मी धरून ठेवते."

दोर्सिलाला हसू आलं. इतपत थट्टा तिला चालत होती. पाहुणा परदेशी, त्याला आपली रीत कुठून ठाऊक असणार, हे गावालाही कळत होतं. ओगुतू स्टूल घेऊन सावलीत बसला होता, तोही हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. म्हातारा शिडीवरून खाली आला, पिशवीतून सकाळीच वळून ठेवलेला एक गवताचा पक्षी काढला, लांब शेपटीचा, ऐटबाज. तो त्यानं हातभर लांब काठीवर बसवला. कुणाला काही कळायच्या आत तो पुन्हा वर गेला आणि छपराच्या अगदी टोकावर त्यानं ती काठी ठोकून बसवली.

अंगणातलं हसणं थांबलं. टोकावरची काठी म्हणजे घरात धनी आहे. दोर्सिलाचा नवरा गेला त्या दिवशी भाऊबंदांनी तिच्या छपरावरची काठी उतरवली होती, आणि गेली चौदा वर्षं ते टोक मोकळं होतं. रिस्परनं तोंडावर हात ठेवला. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

"जस्टस, त्याला काढायला सांग ते," दोर्सिला म्हणाली.

"मामा, ती त्याची खूण आहे. घातलेल्या प्रत्येक छपरावर तो लावतो म्हणे."

"माझा नवरा मेलाय. सांग त्याला."

"व्हिडिओ चाललाय, मामा. म्हातारा रडायला आलाय आनंदानं. जेवणानंतर सांगतो, हळूच."

जेवणानंतर जस्टस पाहुण्यांची पाणी पिण्याची सोय बघत राहिला. म्हाताऱ्यानं दोर्सिलाचे दोन्ही हात हातात धरले आणि काहीतरी बोलला. जस्टसनं सांगितलं, "म्हणतात, आता सुखानं राहा." दोर्सिलानं मान हलवली. तिला लाज वाटली, राग आला आणि त्या भल्या माणसाची कीवही आली. पाहुणे सकाळी गेले.

दुपारी ओगुतू आला. अंगणात उभा राहून त्यानं वर बघितलं. "असेम्बो गावच्या लेकी, चौदा वर्षं मी वाईट ठरलो. कालपर्यंत लोक तुला थडग्याची बायको म्हणत होते, निदान ते थडगं माझ्या भावाचं होतं. आज सकाळी बाजारात काय म्हणतायत ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. गोऱ्याची बायको. रिस्पर सांगून गेली."

"काठी उतरवायला हवी."

"मग उतरव."

"उतरवतो की. आत्ता चढतो." तो शिडीकडे गेला नाही. "पण मी तुझ्या छपरावर चढलो तर त्याचा अर्थ काय होतो, ते तुलाही माहीत आहे. मग कोंबडी करावी लागेल तुला. माझ्यासाठी."

त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. थकलेला माणूस होता तो, एवढ्या वर्षांनी नुसता हिशेब पुरा व्हावा असं त्याला वाटत होतं. दोर्सिलानं वर काठीकडे बघितलं. जस्टसला विचारून उपयोग नव्हता. पक्ष्याचा फोटो समुद्रापलीकडे पोहोचला होता, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तो जागेवर आहे का म्हणून बघणार होतं. सुतार तर नको म्हटल्यावर दुसरं काम धरून निघून गेला होता.

तिनं कमरेचं फडकं घट्ट बांधलं आणि म्हाताऱ्यानं मागे ठेवलेली शिडी भिंतीला लावली.

"बाई छपरावर चढत नाही," ओगुतू म्हणाला. "नवरा मरतो त्यानं."

"माझा मेलाय. आता आणखी कोणाला मारणार आहे मी?"

अवुओर धावत आली आणि तिनं शिडी धरली. दोर्सिला चढली. साठीला आलेली बाई, गुडघे कुरकुरत होते, खाली माणसं जमायला लागली होती. वळचणीच्या वर शिडी संपली, तिथून ती पोटावर सरकत गेली. ती कधी घराच्या वर आली नव्हती. टोकाशी पोचून तिनं काठी दोन्ही हातांनी हलवली. म्हाताऱ्यानं पक्की ठोकली होती, तिसऱ्या हिसड्याला निघाली. पक्षी गडगडत अंगणात गेला आणि ओगुतू दोन पावलं मागे सरला.

ती लगेच उतरली नाही. काठी निघाली तिथलं भोक तिनं बाजूचं गवत ओढून बुजवलं, नाहीतर गळलं असतं. मग थरावर तळवा ठेवून दाबून बघितलं, इथे, तिथे, हात पोचेल तिथवर. कुठेच हललं नाही. आत चटईखाली पत्रे होते.

"दानी," अवुओरनं आजीला खालून हाक मारली, "काय बघतेस गं?"

"छप्पर," दोर्सिला म्हणाली. "चांगलं घातलंय. पुष्कळ वर्षं टिकेल."