पेटीची खोड

जर्सी सिटीच्या त्या इमारतीत, बाविसाव्या मजल्यावर, कांचनताईंना दिवसभर बोलायला चिटपाखरू नव्हतं. मुलगा सत्यजित आणि सून सकाळच्या ट्रेनने मॅनहॅटन गाठत आणि संध्याकाळी परतून लॅपटॉपशी बोलत. राहता राहिला मंगळवार. त्या दिवशी तीन वाजता तळमजल्यावरच्या हॉलमधल्या जुन्या पियानोवर मार्थाला साथ करायची. मार्था निवृत्त शिक्षिका, फ्लूट वाजवायची.

२००५च्या हिवाळ्यात, लायब्ररीतल्या कार्यक्रमासाठी तिने अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचा एक सोनाटा काढला. फ्लूटचे सूर सगळे लिहिलेले. साथीला मात्र डाव्या हाताची एकच ओळ आणि तिच्याखाली आकडे. आकड्यांवरून उजव्या हाताने काय भरायचं, ते साथीदाराने बघायचं. कांचनताई नागपूरच्या कॉन्व्हेंटात पियानो शिकलेल्या. आकडे महिन्याभरात अंगवळणी पडले. गाडं अडलं भलतीकडेच.

लग्नानंतर तीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या गाण्याला पेटीची साथ केली होती. पेटीने गवयाच्या मागून जायचं, त्याच्यापुढे सूर काढायचा नाही. चंद्रशेखर तान घेण्याआधी नाकाने श्वास ओढत; तो ऐकू आला की कांचनताईंची बोटं हलत. इथेही कांचनताई फ्लूटच्या अर्धी मात्रा मागे राहायला लागल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेले चंद्रशेखर, आणि खोड राहिली कांचनताईंची.

"तू माझी वाट बघतेस आणि मी तुझी," मार्था शेवटी म्हणाली. "या संगीतात तू जमीन आहेस. आधी तू, मग मी."

पुढच्या मंगळवारपर्यंत जमलं नाही, तर कॉलेजमधल्या एखाद्या मुलीला विचारावं लागेल, असंही तिने हळूच सांगितलं. कांचनताई समजूतदारपणे हो म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये रडल्या. मंगळवार गेला की आठवड्यात उरलं काय?

सुनेचा कीबोर्ड कपाटात धूळ खात पडला होता. तो काढून त्या रोज नुसता डावा हात वाजवू लागल्या. संथ भागाच्या सुरुवातीला चार ओळी फ्लूट गप्प असतो, साथ एकटीच चालते. पण पहिल्या सुराआधी हात दर वेळी अडे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. घरात फ्लूट नाही, माणूस नाही, आणि त्या कान देऊन त्या श्वासाची वाट बघतायत.

"अहो, तुम्ही नाही येणार आता," त्या मोठ्याने म्हणाल्या.

मंगळवारी मार्थाने फ्लूट हातात घेतला. कांचनताईंनी कोणाकडे न बघता पहिला सूर दाबला. चार ओळी एकट्याने नेल्या, आणि मग फ्लूट अलगद येऊन वर बसला. भाग शेवटपर्यंत कुठेही अडखळला नाही. मार्थाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि शनिवारच्या कार्यक्रमाला कोणती साडी नेसणार, ते विचारलं.

साथ इतकी नेटकी त्यांना जन्मात जमली नव्हती. वर येऊन त्यांनी दार लोटलं, चहा टाकला. घर नेहमीपेक्षा शांत वाटलं. आजवर निदान कोणाची तरी वाट बघणं चालू होतं.