ड्रॉवरमधला बॅज

"शालनताई, तुमचं मशीन जरा भिंतीकडं सरकवा," डॉ. ऋषिराज म्हणाले आणि टेबलावर पालथ्या झोपलेल्या आप्पासोंच्या पाठीवर त्यांनी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला.

सांगलीच्या त्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं मूतखड्याचं प्रत्येक ऑपरेशन शालनच्या एक्स-रे मशीनवर झालं होतं. पाठीतून सुई मूत्रपिंडात घालायची तर वाट पडद्यावर दिसायला हवी. डॉक्टर पायानं पेडल दाबत, शालन मशीन फिरवी आणि किरणं दोघांवरही पडत. किरणं अडवणारा शिशाचा चष्मा मात्र एकच होता. तो कुणाच्या डोळ्यांवर असे, हे सांगायला नको.

आता सोनोग्राफीवर बघून सुई आत जात होती. कमरेखाली बधिर केलेले आप्पासो मध्येच म्हणाले, "डॉक्टर, ह्यात किरणं न्हाईत न्हवं? आमची पोरगी लय भ्या घालती."

"एकसुद्धा नाही. माणसानं डोळे जपावेत," डॉक्टर म्हणाले. शालनला ते कुठं उभे आहेत एवढंच दिसत होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

ऑपरेशन संपल्यावर ती केबिनमध्ये गेली. मशीनचं काम संपल्यामुळं महिनाअखेर तिला कामावरून कमी करणार होते. डोळे याच कामानं बिघडले असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर रेकॉर्ड रूममध्ये घेऊ, असा शब्द ट्रस्टींनी दिला होता. तेवढं पत्र तिला हवं होतं.

डॉक्टरांनी फाइल काढली. किरणं मोजणारा तिचा बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जाई आणि प्रत्येक अहवालात शून्य होतं. मग मी काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

"आवं सर, आकडा वाढला की चौकशी हुती, बॅज ड्रॉवरमधी ठेवा म्हणून तुमीच सांगितलेलं."

"असेल. पण सही कुणाची आहे?"

सही तिचीच होती, 'बॅज रोज वापरला' या ओळीखाली, पंचाहत्तर वेळा. तिच्या आधी मशीन चालवणाऱ्या भाऊसोंचा आकडा एकदा वाढला आणि पुढच्याच महिन्यात त्यांना घरी बसवलं. ते ठाऊक असल्यानं ती निमूट सह्या करत गेली. हे सांगताना तिचा राग येतो. डॉक्टरांचा त्याहून जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी तिनं ड्रॉवरमधून बॅज काढून छातीवर लावला आणि महिना संपेपर्यंत रोज लावला. ऑपरेशनं सगळी सोनोग्राफीवरच झाली. तिचं मशीन कापड पांघरून भिंतीशी उभं होतं.

शेवटच्या संध्याकाळी बॅज पाकिटात घालताना फॉर्मवरची सहीची ओळ तिला सापडेना. डॉक्टरांनी सवयीच्या हातानं तिचं पेन धरून नेमक्या जागी टेकवलं.

"इथं," ते म्हणाले.

तिनं सही केली. या वेळी ती खरी होती.