एका पायावर तीस

"भिंतीला हात लावलास," फोनमधून गोंडेलमावशींचा आवाज आला.

हार्के लोरेन्झन न्हाणीघरात उजव्या पायावर उभा होता. डोळे मिटलेले, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. फोन कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवलेला. हात खरोखरच भिंतीला टेकला होता.

"नाही लावला," तो फेसातून म्हणाला.

"अंगठी वाजली भिंतीच्या टाइलवर. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही. किती झाले?"

"अकरा."

"नऊ. मीही मोजत होते."

"आणि तुमचे?"

"चौदा. खुर्ची धरून, हे कबूल. पण मी चौऱ्याऐंशीची आहे आणि माझा एक खुबा धातूचा आहे. तुझी काय सबब?"

हार्केकडे सबब नव्हती. तो एकसष्ट वर्षांचा टपालवाला होता. एकतीस वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ओहोटीला समुद्र मागे सरला की तो पाठीवर टपालाची पिशवी टाकून किनाऱ्याच्या बांधावरून खाली उतरे आणि सहा किलोमीटर चिखल तुडवत ल्युटसांडला जाई. ल्युटसांड म्हणजे भरतीत जेमतेम डोकं वर ठेवणारा गवताचा तुकडा. मधल्या उंचवट्यावर एकच घर, आणि नवरा गेल्यापासून त्या घरात एकट्या गोंडेलमावशी. धुकं असो, गारठा असो, हार्केने एकदाही टपाल परत आणलं नव्हतं. हे तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे, पण दुसऱ्या कुणी बोललं तर तिथून हलतही नसे.

असा हा माणूस मे महिन्यात सुपरमार्केटच्या पायरीवरून पडला. एकच पायरी, तीही कोरडी. हातात शतावरीच्या कोवळ्या कोंबांच्या भाजीची जुडी होती, ती सांभाळायला गेला आणि उजवा घोटा आत वळला. काहीतरी तुटल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. शतावरी मात्र शाबूत राहिली, हे गावाने पुढे महिनाभर चघळलं. त्याची बायको वीबके बेकरीत काम करायची. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय वीबके, नवऱ्याला शतावरी देतेस का अजून?"

डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला हाड बांधून ठेवणारा बाहेरच्या अंगाचा पट्टा, लिगामेंट, फाटलाय. ऑपरेशन नको, आधारपट्टा बांधा आणि लगेच व्यायाम सुरू करा. हार्केने यातलं 'ऑपरेशन नको' एवढंच ऐकलं. घोटा करकचून आवळला, पाय उशीवर ठेवला आणि तीन आठवडे कोचावर काढले. सूज उतरली. म्हणजे पाय बरा झाला, असं त्याने जाहीर केलं.

"छान," असं म्हणून वीबकेने त्याला गाडीत घातलं आणि फिजिओकडे नेऊन सोडलं.

फिजिओचं नाव बुर्गी. ती दक्षिणेच्या डोंगरातली पोर. इथे येऊन दोन वर्षं झाली तरी समुद्राकडे शेजारच्या अनोळखी कुत्र्याकडे पाहावं तशी पाहायची.

"उभे राहा एका पायावर," ती म्हणाली.

हार्के उभा राहिला. तोंडावर 'यात काय मोठं' असा भाव.

"आता डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले आणि तो धाडकन खाटेवर कोसळला. तीन सेकंदही झाले नव्हते.

"सूज तर गेलीय!" तो चिडून म्हणाला.

"अहो लोरेन्झन, लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नसते," बुर्गी त्याच्या शेजारी बसली. "पाऊल किती वाकलं, कुठे वळलं, हे मेंदूला कळवणारे तंतू त्यातच असतात. पट्टा फाटला की बातमीही खुंटते. दोरी तुमची जुळत आलीय. बातमी अजून उशिरा पोचतेय."

"किती उशिरा?"

"पापणी लवेपर्यंत."

"एवढ्याने काय होतं?"

"एवढ्यातच पाय मुरगळतो."

टपाल उशिरा पोचतंय, हे हार्केला कुणी आजवर ऐकवलं नव्हतं आणि आता त्याचाच घोटा ऐकवत होता. शिवाय ती काय म्हणतेय ते त्याला तिच्यापेक्षा जास्त कळलं होतं. चिखलात डोळ्यांचा उपयोग नसतो. सगळं राखाडी दिसतं. कुठे घट्ट वाळू, कुठे शिंपल्यांचा थर आणि कुठे मांडीपर्यंत ओढणारा गाळ, हे तळव्यालाच कळतं. म्हणून तो त्या वाटेवर कधीच बूट घालत नसे, फक्त जुने लोकरी मोजे. एकतीस वर्षं तो पायांनी बघत आला होता.

त्यात टपाल कार्यालयाचं पत्र आलं. सध्या ल्युटसांडचं टपाल सामानाच्या होडीने पंधरा दिवसांतून एकदा जात आहे. ऑक्टोबरअखेर कुणी चालत जाऊ लागलं नाही, तर ती व्यवस्था कायम करण्यात येईल. दुसरं कुणी जाणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे मला बियाण्यांचा कॅटलॉग पेरणी झाल्यावर मिळणार," गोंडेलमावशी फोनवर म्हणाल्या. "तुझा तो व्यायाम काय आहे म्हणालास?"

"एका पायावर उभं राहायचं, उशीवर. डोळे मिटून तीस अंक. मग जायची परवानगी."

"मीही करते. एकट्याने बावळट दिसण्यापेक्षा दोघांनी दिसलेलं बरं."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला फोन. वीबके म्हणायची, लग्नाआधी त्याने मला इतके फोन केले असते तर मी दोन वर्षं आधी हो म्हटलं असतं.

जुलैअखेर तो एकोणीसवर अडकला. एकोणीस म्हणजे काही वाईट नाही, असं त्याने आधी स्वतःला सांगितलं, आणि मग बुर्गीला तीस सांगितलं.

"वा," बुर्गी म्हणाली. "सोमवारी माझ्यासमोर करून दाखवा."

तो शुक्रवारीच निघाला. पिशवीत कॅटलॉग, औषधांचं पुडकं आणि मावशींच्या मुलीचं पत्र. वीबके दारात आडवी उभी राहिली.

"बुर्गीने जा म्हटलं?"

"जवळपास."

"जवळपास म्हणजे नाही."

पण तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ती बाजूला झाली. जाताना त्याच्या हातात काठी कोंबली. त्याने कधी काठी घेतली नव्हती.

पहिले तीन किलोमीटर घट्ट वाळू होती. हार्के शीळ घालत चालला. मग मधला ओढा आला. ओहोटीतही तिथे गुडघाभर पाणी असतं आणि काठाला गाळ. त्या काठावर मैलाच्या दगडासारखा एक खांब आहे. हार्के खांबाशी पोचला की तिकडे मावशी दुर्बिणीतून त्याला पाहत आणि चहाचं आधण ठेवत. ही दोघांची जुनी रीत.

त्याने उजवं पाऊल गाळात टाकलं आणि काहीच कळलं नाही. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. पाऊल खाली जात होतं आणि ते कुणीकडे कलतंय हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. घोटा कलला तेव्हा त्याला ते काठी वाकल्यावरून समजलं. तो गाळातच मागे बसला, पिशवी डोक्यावर धरली, पाय हाताने उपटून काढला आणि खांबाला टेकून उभा राहिला. ल्युटसांडच्या छपरातून धूर वर येत होता. म्हणजे आधण ठेवलं होतं.

भरती सुरू व्हायला तासभर होता. डावा पाय वापरून, काठी रोवून कसंबसं पलीकडे जाता आलं असतं. पण परत येता आलं नसतं. हार्के तिथे किती वेळ उभा होता, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. मग तो वळला. बांध येईपर्यंत त्याला पिशवी जड लागत राहिली. पिशवीत अर्धा किलोही माल नव्हता. बांधाच्या पायरीवर बसून तो रडला. तिथे मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं.

घरी पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

"पाहिलं मी," मावशी म्हणाल्या. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलास. खरे किती होतात?"

"एकोणीस."

"सोमवारी त्या मुलीला सांग. आणि चहा मी दोघांचा प्यायले, त्याने आता झोप येणार नाही. तेवढं पाप तुझ्या डोक्यावर."

सोमवारी त्याने सांगितलं. बुर्गी रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला दाखवा तुमचा चिखल."

त्या संध्याकाळी डोंगरातली पोर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधाखाली उतरली आणि पहिल्याच पावलाला किंचाळली. हार्केने तिला खांदा दिला. चार पावलांत तिचा तोल तीनदा गेला. मग ती थांबली, बोटं गाळात हलवून पाहू लागली.

"इथे तर प्रत्येक पावलाखाली वेगळंच लागतं," ती म्हणाली.

"मग मी काय सांगत होतो?"

"तुम्ही काहीच सांगत नव्हता. तुम्ही तीस सांगत होता." तिने हाताला लागलेला गाळ त्याच्या बाहीला पुसला. "ती उशी फेकून द्या. रोज इथे, बांधाजवळ, वीस मिनिटं. आधी डोळे उघडे, मग मिटून. ओढ्याकडे फिरकायचं नाही."

ऑगस्टभर हार्के सुट्टीवर आलेल्या लोकांच्या करमणुकीचा विषय झाला. भला थोरला माणूस बगळ्यासारखा चिखलात एका पायावर उभा, डोळे मिटलेले, ओठ आकडे मोजताहेत. मुलं त्याच्या शेजारी उभी राहून नक्कल करायची. एकवीस. चोवीस. मग दोन आठवडे चोवीसच. एकदा फोनवर तो म्हणाला, "जाऊ दे मावशी, होडीच बरी."

"मी सत्तावीसवर आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारीकडून हरायचं असलं तर हर."

सप्टेंबरच्या अखेरीस त्याने बुर्गीसमोर चिखलात तीस मोजले, आणि उगाच आणखी चार.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी तो निघाला. काठी त्याने आपण होऊन घेतली. मधल्या ओढ्याशी पाणी गार होतं. उजवं पाऊल गाळात गेलं आणि खालून सगळं वर आलं: आधी लोण्यासारखा थर, मग वाळूची कड, मग एका शिंपल्याची धार. घोटा कलायच्या आतच सावरला. हार्के मोठ्याने हसला. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत एकटाच हसताना त्याला थोडं लाजल्यासारखं झालं.

मावशी दारात उभ्या होत्या. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा त्या बारीक झाल्या होत्या.

"आधी दाखव," त्या म्हणाल्या. "चहा नंतर."

स्वयंपाकघरात तो ओल्या मोज्यांनिशी एका पायावर उभा राहिला आणि डोळे मिटले. मावशींनी मोठ्याने तीस मोजले. शेवटचे आकडे त्यांनी मुद्दाम सावकाश घेतले.

मग चहा झाला, खडीसाखर घातलेला, वर रमचा थेंब. मनुकांचा पाव झाला. निघायची वेळ झाली तशी त्यांनी जाणारं टपाल पुढे केलं. दोन पाकिटं आणि एक उघडा अर्ज. हार्केने सवयीने नजर टाकली. पत्ता बदलल्याचा अर्ज. जुना पत्ता ल्युटसांड. नवा पत्ता हुसुम शहरात, मुलीच्या घराशेजारचा वृद्धाश्रम. एक नोव्हेंबरपासून. खाली सही आणि तारीख. चार जुलै.

त्याने तारीख दोनदा वाचली.

"तीन महिने झाले याला," तो म्हणाला.

"हो."

"होडी सहा-सात वेळा येऊन गेली असेल."

"होडीवाल्याच्या हातात द्यायचा नव्हता मला."

"मग मी मरमर कशाला केली? कुणासाठी यायचं होतं मी इथे?" त्याचा आवाज चढला. मावशींवर आवाज चढवण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"तुला सांगितलं असतं तर पुन्हा कोचावर जाऊन पडला असतास. चोवीसवर असताना तर नक्कीच." त्यांनी कप उचलून ठेवले. "पाय माझा आहे का? तुझा आहे. तुला अजून वीस-पंचवीस वर्षं त्याच्यावर उभं राहायचंय."

"आणि तुम्ही? तुम्ही का करत होता?"

"मला करमत नव्हतं," मावशी म्हणाल्या. "आणि साडेसातला फोन यायचा."

हार्केने अर्जाची नीट घडी घातली, प्लास्टिकच्या कप्प्यात ठेवली, पिशवी बंद केली. मावशींनी त्याचा दंड थोपटला. पाणी थांबणार नव्हतं.

मधल्या ओढ्यापाशी, खांबाच्या अलीकडे, तो थांबला आणि मागे वळला. खिडकीत दुर्बीण चकाकली. त्याने काठी चिखलात रोवली आणि सोडून दिली. पिशवी पाठीवर सारखी केली. उजव्या पायावर उभा राहिला, डोळे मिटले, आणि तिकडून दिसेल असा, एकेक बोट वर करत, तीसपर्यंत मोजत राहिला.