पुरलेले डबे

वडनेर भोलजीच्या वामनरावांच्या शेतात त्या साली कापूस वेचायला चौदा बाया होत्या. रुखमाबाई त्यांच्यातली जाणती. कोणी कोणत्या ओळीला लागायचं, कोणाचं अंग दुखतंय, लेकराला पाजायला कोणाला घरी सोडायचं, हे सगळं तीच पाही.

वामनरावांनी यंदा कपाशीवर पहिल्यांदाच औषध फवारलं होतं. फवारणीनंतर चार रिकामे डबे बांधावर पडून राहिले. त्यातल्या एका डब्यात पावसाचं पाणी साचलं आणि त्यात रुखमाबाईच्या शेळीनं तोंड घातलं. तासाभरात शेळी पाय झाडून मेली.

वेचणी सुरू व्हायच्या दिवशी, सीतादहीच्या पूजेला, शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून झाल्यावर रुखमाबाई मालकांपुढे उभी राहिली.

"ते डबे फोडून गाडा, मालक. अन् बायांले प्याच्या पाण्याची सोय करा. हीर दूर पडते."

"हाव, सांगतो ना शेषरावले," वामनराव म्हणाले.

त्यांनी खरंच सांगितलं. त्यांच्या सालदारानं, शेषरावनं, धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला, खड्डा करून चारही डबे पुरले आणि झाडाखाली पाण्याचा एक माठ आणून ठेवला. चौदा बायांना तो दुपारपर्यंतही पुरत नसे. विहिरीवर जावं तर तेवढी वेचणी बुडे, आणि मजुरी कापसाच्या वजनावर. म्हणून बाया आपापलं पाणी घरून आणू लागल्या. बनाबाई आपलं भांडं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची. त्यात पाणी गार राहतं, म्हणायची.

बनाबाई बावीस-तेवीस वर्षांची, हाताची चपळ. सगळ्यांत जास्त कापूस तिचाच भरे. पाचव्या दिवशी दुपारी ती ओळीतच खाली बसली.

"डोकं गरगरून राह्यलं, माय," ती रुखमाबाईला म्हणाली. "जीव मळमळते."

"ऊन लागलं असंल. पाणी पे."

बनाबाई पाणी प्यायली. थोड्या वेळानं तिचे हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला आणि अंग झटके देऊ लागलं. रुखमाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिच्या तोंडाला येणारा वास तिला ओळखीचा वाटला. मेलेल्या शेळीच्या तोंडाला हाच वास होता. तिनं हात लांब करून भांड्यावरचं गोणपाट ओढलं. आत औषधाचा डबा होता.

शेषरावनं गाडी जुंपली. हमरस्त्यावर आल्यावर मलकापूरकडे जाणारा एक ट्रक थांबला. झटके थोडे थांबले तेव्हा बनाबाईनं डोळे उघडले.

"राखेनं घासला होता, माय. तीनदा घासला."

"बोलू नको, पोरी."

मलकापूर यायच्या आतच ती गेली. 'पाणी पे' हे आपणच म्हणालो, हे रुखमाबाईला त्याच वेळी आठवलं.

गावात पंचनामा झाला. रुखमाबाईनं डब्याचं सांगितलं. पोलीस पाटलानं ऐकून घेतलं आणि बाईला फिट आली असं लिहिलं. वामनराव मान खाली घालून बसले होते. त्यांनी एक दिवस वेचणी बंद ठेवली.

त्याच दिवशी रुखमाबाई शेषरावला घेऊन धुऱ्यावर गेली. खड्डा उकरलेला होता. आत एकही डबा नव्हता.

"फोडले नव्हते काय?" तिनं विचारलं.

शेषराव मातीकडे पाहत राहिला. "चांगले झाकणाचे डबे होते. फोडू नाही वाटले."

"अन् बाकीचे तीन?"

"मले नाही माहीत, रुखमाबाई. देवाची आन."

दोघं घरोघर फिरली. रुखमाबाईनं प्रत्येक उंबऱ्यावर बनाबाई कशी मेली ते सांगितलं. "डबा असंल तं द्या. कोणाले काही म्हणत नाही मी." बाया ऐकून हळहळल्या, पण डबा कोणीच काढून दिला नाही. खड्ड्यातून उकरून आणलेली वस्तू मालकाच्या माणसापुढे कोण कबूल करणार? एका घरातून रॉकेलचा वास आला तसा रुखमाबाईला थोडा धीर वाटला. तिथल्या डब्यात नुसतं रॉकेल असेल तर बरंच. पण तिला आत जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी वेचणी पुन्हा लागली. बोंडं फुटून कापूस लोंबत होता, वारा सुटला की मातीत पडत होता. तेरा बाया आल्या. रुखमाबाई सकाळी झाडाखाली उभी राहिली आणि तिनं एकेकीचं भांडं हातात घेऊन हुंगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मुकाट्यानं भांडी पुढे केली. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई तडकली.

"मले चोर समजते काय, माय?"

"चोर नाही व. जीव जाईन तुया."

"जाईन तं जाईन. रोज काऊन हुंगतं?"

मग बाया रुखमाबाईच्या आधीच शेतात येऊ लागल्या आणि आपलं पाणी दूरच्या ओळीत, पऱ्हाटीच्या आड ठेवू लागल्या. दुपारी तहान लागली की एकेक बाई उठून तिकडे जाई. कमरेएवढ्या झाडांमागे ती खाली बसली की दिसेनाशी होई. रुखमाबाई वेचता वेचता हात थांबवून तिकडे बघत राही. बाई उठून परत ओळीला लागली की ती पुढचं बोंड तोडायला वाके.