आहात ना?

लिफ्ट अडकली की बाबा आधी त्या लिफ्टमधल्या तारेच्या फोनवर फोन लावत आणि मेकॅनिक पोचून दार उघडेपर्यंत तो ठेवत नसत. गप्पागोष्टी नाहीत. मधूनमधून फक्त विचारायचे, “आहात ना?” पलीकडून “आहे” आलं की पुन्हा गप्प. “कान भाड्याने दिलाय यानं,” काका म्हणत.

बाबा गेले आणि लिफ्टदुरुस्तीचं ऑफिस काकांच्या अंगावर पडलं. काकांचा एक कान कधीचाच कामातून गेलेला. म्हणून आजवर लोकांच्या वेबसाइट बनवणाऱ्या पुतणीने ऑफिसच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावला. प्रत्येक लिफ्टमध्ये इंटरनेटला जोडलेला एक छोटा टॅब. आतल्याने बटण दाबलं की भिंतीवर त्या लिफ्टचा हिरवा चौकोन लाल व्हायचा.

निदान व्हायला हवा होता. काल रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाई स्वतः तळघरात लिफ्ट थांबवून उभ्या राहिल्या, बटण दाबलं, आणि इकडे चौकोन हिरवागार. बाईंनी आजची एक संधी दिली होती. रुग्णालयाचं काम गेलं तर ऑफिसला कुलूपच.

“हे तुझं यंत्र करतं तरी काय?” काकांनी विचारलं.

“आधी स्क्रीन दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरला, म्हणजे मधल्या संगणकाला, विचारायचा, काही नवीन? तो ‘नाही’ म्हणून फोन ठेवायचा. की पुन्हा तेच.”

“म्हणजे तुझी आत्या. लग्न जमलं का, लग्न जमलं का.”

“तशीच. ते मी बंद केलं. आता एकदा जोडलं की लाइन उघडी राहते. ज्याला बोलायचंय त्याने कधीही बोलावं. वेबसॉकेट म्हणतात त्याला.”

“मग काल तोंडघशी का पडलो?”

“तळघरात सिग्नल गेला. टॅब निरोप न घेताच गेला, त्यामुळे सर्व्हरला वाटत राहिलं की लाइन चालू आहे, पलीकडे कुणाला काही बोलायचं नाहीये.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “गप्प बसलेला आणि बेशुद्ध पडलेला, फोनवर दोघं सारखेच ऐकू येतात. तुझा बाप उगाच नव्हता विचारत.”

बाबा समोरच्याला धीर यावा म्हणून विचारतात, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं. तिने कीबोर्ड पुढे ओढला. सर्व्हरने दर काही सेकंदांनी कालच्या लिफ्टच्या टॅबला हाक मारायची, टॅबने ओ द्यायची. लागोपाठ दोन हाकांना उत्तर नाही आलं तर चौकोन पिवळा, म्हणजे लाइन तुटली. काम फारसं नव्हतं. दुपारचा चहा निवायच्या आत झालं.

“या वेळी आत तुम्ही जा,” संध्याकाळी ऑफिसात आलेल्या बाई तिला म्हणाल्या आणि काकांशेजारी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. मागणी रास्त होती.

रुग्णालयाच्या तळघरात तिने लिफ्ट थांबवली. तिने बटण दाबलं. टॅबवर ‘लाइन तुटली’ अशी अक्षरं आली, म्हणजे दाबलेलं कुठेच पोचलं नव्हतं. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. वर आता पहिली हाक गेली असेल, तिने मनाशी म्हटलं. उत्तर नाही. आता दुसरी. चूक नसल्याची तिला खात्री होती. तरी उत्तर न मिळालेल्या त्या हाकेपाशी तिचं मन अडलं. घरी बाबांच्या खोलीच्या दाराशी अजून तिच्या तोंडून हाक निघून जाई.

लिफ्टमधला फोन वाजला.

“अगं, चौकोन पिवळा पडलाय,” काका म्हणाले. “आहेस ना?”

तिने श्वास घेतला. “आहे, काका.”

“बाई विचारतायत, बाकीच्या लिफ्टना ही हाक कधीपर्यंत बसवशील?”

“आठवड्याभरात. सांगा त्यांना.”

“सांगतो. मेकॅनिक निघालाय.”

पुढे काका काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं उरलंही नव्हतं. पण दार उघडेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.