दोन वेण्यांचं रॉकेट

"भाऊजी, या न लवकर! पाहा तर खरं, काय झालं ते," मनकर्णावहिनी समोरच्या दारातून ओरडल्या. माझं किराणा दुकान त्यांच्या घरासमोरच. गिऱ्हाईक तसंच सोडून उठलो, कारण या बाईला इतकं खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आत त्यांचा नवरा महिपत नुकताच नांदेडहून येऊन टेकला होता. फळीवर त्याची सगळी जुनी रॉकेटं, चांद्रगाड्या मांडलेल्या. सोनेरी! त्यावर लालभडक वेलबुट्टी, मोर.

महिपत जिनिंग फॅक्टरीत कारकून. चंद्रावर माणूस उतरला त्या साली त्यानं लेकीसाठी हैदराबादेहून पत्र्याचं जपानी रॉकेट आणलं. चावी दिली की गुरगुरत चालायचं. खिडकीत हेल्मेट घातलेला माणूस छापलेला. भागी मोठी आगाऊ पोर. "हा मानूस नाई, बाई हाय," म्हणत तिनं खिळ्यानं त्याला दोन वेण्या ओरखडल्या. महिपत तिच्यावर डाफरला, आणि माझ्या दुकानात येऊन पोट धरून हसला. पुढच्याच पावसाळ्यात पोर तापानं गेली.

वहिनींसमोर तिचं नाव काढायची सोय उरली नाही. मग त्या ओरखड्यांत वेण्या आहेत हे त्यांना कोण सांगणार? महिपत मात्र भंगारवाल्यांकडे, जत्रांत तसलीच जुनी खेळणी हुडकत फिरू लागला. लोक हसायचे. मीही एकदा भडकलो, "काऊन हा कचरा जमा करून राह्यला बे?"

"तिचं रॉकेट एकटं पडते ना."



दर पावसाळ्यात त्याची एकच कुरकुर. "गंज पत्रा खाऊन राह्यला. काईच उरनार नाई." वहिनींनी ते मनावर घेतलं. महिपत फॅक्टरीच्या कामाला नांदेडला गेला, तशी सगळी खेळणी टोपल्यात भरून त्यांनी बसनं निर्मल गाठलं. तिथल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरापुढे टोपलं ठेवलं.

"समदं घासून काढलं त्यानं," वहिनी सांगत होत्या. "मंग लाकडाच्या खेळण्याले भरते तशी चिंचोक्याची खळ भरली अन् रंग देल्ला. हे जुनं तर लय खराब होतं भाऊजी, नुसते ओरखडे! म्या बजावलं त्याले, हे आमच्या भागीचं हाय, याच्यावर एक बी ओरखडा ठेवू नको."

भागीचं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून लेकीचं नाव ऐकलं.

महिपतनं रॉकेट मांडीवर घेतलं. खिडकीच्या जागी मोर होता. मोरावरून त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. मग पुन्हा, हळूहळू, वरून खाली. कुठेच काही लागेना.

"बोला न काई. कसं झालं?"

"बेस झालं," महिपत म्हणाला.

"आता गंज नाई लागनार."

"नाई लागनार." त्यानं चावी पिळून पाहिली. रंगानं घट्ट बसली होती, हललीच नाही.

वहिनींनी रॉकेट त्याच्या हातातून घेतलं. सोनेरी रंगावर उमटलेले त्याच्या बोटांचे डाग पदरानं पुसले आणि मोर समोर येईल असं फळीवर ठेवलं.